हरीकाकांची धुतलेली चप्पल

सगळं जग घरात शिरताना पाय धुतं. आमच्या कामतघरच्या चाळीतले हरीकाका घरातून निघताना चप्पल धुतात. तीही ब्रशने, तळ घासून. सोबत येणाऱ्यालाही सुटका नाही.

"एका डबक्याचा रोग दुसऱ्या डबक्यात न्यायचा न्हाय, मास्तर! बेडूक कातडीनं पानी पितो, कातडीनंच दम घेतो. तुमच्या चपलेची बुरशी त्याचा जीव घेल."

माझी चप्पल इतकी स्वच्छ माझ्या लग्नातही नव्हती.

जन्मभर काकांनी कापडाचे लूम चालवले, आता डबकी फिरून बेडूक ओळखतात. "डोल्यामागं गाठ, अंगभर पुल्या, तो भेक. पाठीवर पिवली रेघ, तो बैलबेडूक." हात आधी डबक्यात भिजवतात, मगच बेडूक उचलतात. चाळीच्या मालकाकडेही असे टक लावून बघतात, की तो बिचारा डोळ्यामागे गाठ चाचपून पाहतो.

खोट एकच. बेडूक आवाजावरून चटकन ओळखू येतो, आणि लूमच्या खडखडाटाने काकांचे कान गेलेले. पूर्वी काकी काठावर उभ्या राहून ऐकायच्या आणि तोच आवाज काकांच्या कानात काढून दाखवायच्या. काकी गेल्या आणि ती ड्युटी माझ्यावर आली. शुक्रवारी आसपासचे लूम बंद, तेव्हा काही ऐकू येण्याची आशा. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी मी, गणिताचा शिक्षक, भर रस्त्यात काकांच्या कानाला तोंड लावून ओरडतो. रिक्षावाले थांबतात. "मास्टरजी, तबीयत ठीक है ना?"

चाळीमागच्या डबक्यात गेली काही वर्षं कुठूनसं रंगाचं जांभळं पाणी शिरतंय. तिथले भेक काकींचे फार लाडके. परवा काका काठावर उभे राहून विचारत होते, "हायत का वो अजून?" मी पंधरा मिनिटं कान देऊन ऐकलं. चिडीचूप. काकांचा चेहरा मला बघवेना. मी त्यांच्या कानात दणदणीत 'डरांव' ठोकलं.

काका खदखदून हसले. "हा बैलबेडूक झाला, मास्तर! भेक लांब किर्रर्र करतो. शेवटची दोन वर्सं तुमची काकी बी अशीच चुकायची."

"म्हणजे भेक गेलेत हे तुम्हाला ठाऊक होतं? मग दर शुक्रवारी मला विचारता कशाला?"

"तिच्यामागं माझ्या कानात वरडायला कोन हाय?"

त्यांच्या कानाला तोंड लावून मी लांबलचक 'किर्रर्र' केलं. काकांनी डोळे मिटून ते ऐकलं.

मग आम्ही नळावर आलो. वडपे गावचं डबकं बघायचं राहिलं होतं. काका खाली बसले, ब्रश घेतला आणि मी नको नको म्हणत असताना आधी माझी चप्पल धुवायला घेतली.