सोपानराव एका दमात

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं अजून परीक्षेच्या पेपराबाहेर पडलेलं नाही. त्यात सोपानराव हे लेखात मावणारे गृहस्थ नव्हेत. चुकलंमाकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सोपानरावांना मधे तोडलेलं चालत नसे. ते काही सांगत असताना कुणी नुसतं "मग?" म्हटलं, तरी ते थांबत, डोळे मिटत आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सुरू करत. रागानं नव्हे. सुईतून निसटलेला दोरा माणूस पुन्हा ओवतो, तसं. बारामतीत एसटी स्टँडमागं आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. भिगवणच्या वाटेवर त्यांची एसटी पंक्चर झाली, ती गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली आहे. ती एसटी पुढं कधी निघाली, हे मला आजही ठाऊक नाही.

धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. मूळ गाव अंथुर्णे, घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चाललेलं. एकदा कॅमेरा दुरुस्तीला म्हणून ते पुण्याला गेले. दुरुस्ती होईपर्यंत सावलीला बसावं म्हणून एका हॉलमध्ये शिरले. तिथं कुठल्याशा मंडळानं परदेशी सिनेमा लावला होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच शॉट, कॅमेरा एकदाही बंद न करता घेतलेला. "भाषा कळली न्हाय, गोष्ट बी कळली न्हाय," सोपानराव सांगत, "पण कुटं तुटलं न्हाय. पाणी प्यायला बी उठलो न्हाय मी."

(ही हकिगत मला शेवटपर्यंत ऐकायला मिळाली, कारण तेव्हा माझ्या तोंडात भाकरी होती.)

त्यानंतर त्यांनी लग्नंही एका दमात घ्यायला सुरुवात केली. लगीन काय तुकड्यातुकड्यानं लागतं व्हय, असा त्यांचा सवाल असे. कॅमेरा एकदा सुरू केला की बंद करायचा नाही. एका माणसामागं चालायचं, तो कुणाला भेटला की त्या दुसऱ्यामागं जायचं. पळायचं नाही, चित्र हलतं.

वडगाव निंबाळकरच्या एका लग्नात ते नवरीच्या मामामागं निघाले आणि मामांची चप्पल हरवली. मामा शोधत राहिले, कॅमेरा मामांमागं राहिला. वाटेत मामांना कुणी भेटलंच नाही, कारण सगळं वऱ्हाड मांडवात होतं. कॅसेट लावल्यावर घरच्यांना मंगलाष्टका खणखणीत ऐकू आल्या आणि दिसले ते खुर्च्यांखाली वाकून बघणारे मामा. नवरीच्या वडिलांनी हळूच विचारलं, "सोपानराव, अक्षता कुठं पडल्या?"

"आवाज हाय की, दादा."

"आणि पोरगी?"

"येती ना. मामाची चप्पल घावली की येती."

पोरगी आली, पण जेवणाच्या पंगतीत.

हळूहळू लग्नाची बोलावणी कमी झाली. मी कॉलेजातून दमून यायचो. इंग्रजीच्या तासाला अर्धं कळायचं, अर्धं कळल्यासारखं करावं लागायचं. सोपानराव दारात बसलेले असायचे, माझ्याहून दमलेले. कॅमेऱ्यानं त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला होता. "सोडून द्या की आता हे," मी एकदा धीर करून म्हणालो. ते म्हणाले, "एक पिच्चर हुदे, मग सोडतो."

ते पिक्चर त्यांच्या आबांचं होतं.

आबा, म्हणजे त्यांचे वडील, दर साली दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं निघत. गावाबाहेर मेंढरांभोवती लावलेली जाळी काढायची तिथपासून कॅनॉलचा पूल ओलांडून कळप दिसेनासा होईपर्यंत, एवढं सगळं सोपानरावांना एका शॉटमध्ये हवं होतं. अडचण एवढीच की आबा त्यांच्याशी बोलत नव्हते. मेंढरं सोडून पोरानं खांद्यावर तो कॅमेऱ्याचा डबा घेतला, तेव्हापासून बोलणं बंद. सोपानराव समोर बसलेले असले तरी आबा धाकट्या लेकाला सांगत, "त्याला म्हणावं, जेवून घे."

परवानगीसुद्धा धाकट्याच्या मार्फतच मिळाली. माझं काय जातंय, मी त्याच्याकडं बघत न्हाय, असा निरोप आला. सोपानराव खूश झाले. कॅमेऱ्याकडं बघू नका, हे लग्नात लोकांना सांगून सांगून त्यांचा घसा बसत असे.

पहिल्या साली पुलाच्या अलीकडं बॅटरी गेली. दुसऱ्या साली उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि ड्रायव्हर खाली उतरून केस विंचरून उभा राहिला. दोन्ही वेळा सोपानराव म्हणाले, पुढच्या साली पयल्यापासनं. तिसऱ्या साली मात्र धाकट्यानं सांगून टाकलं की कोकणातून आलं की मेंढरं विकायची, आबांचे गुडघे आता चालत नाहीत. म्हणजे हे शेवटचं निघणं होतं.

त्या सकाळी मीही गेलो होतो. वाटेत शिंकसुद्धा यायची नाही, अशी मला ताकीद होती. आबांनी जाळी काढली, खांद्यावर घोंगडं टाकलं, तोंडानं बारीक आवाज काढला आणि मेंढरं निघाली. सोपानराव त्यांच्यापुढं उलटे चालत होते, कॅमेरा आबांवर, पाठ रस्त्याला. आबा खरंच एकदाही बघत नव्हते. बाप पुढं येतोय आणि लेक मागं सरतोय, मधे नुसती लोकर. बॅटरी टिकली. ट्रॅक्टर आला नाही. पूल आला.

पुलाला एका बाजूनं कठडा नव्हता आणि सोपानराव नेमके त्याच बाजूला सरकत चालले होते. मी तोंड उघडलं, एवढ्यात आबा मेंढरं सोडून पुढं आले.

"सोपाना, मागं बघ. कॅनॉल हाय."

मेंढरं थांबली. आबांनी सोपानरावांचा दंड धरला आणि रस्त्याच्या मधोमध आणून उभं केलं. कॅमेरा हलला असणार, कारण सोपानरावच हलले होते. मग आबांनी कॅमेऱ्याच्या काचेत वाकून बघितलं. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. तोडलं की लेक पहिल्यापासून सुरू करतो, हे बापाला माहीत नसणार तर कुणाला? त्यांनी दुखरा गुडघा चोळला आणि ओशाळून विचारलं, "मागारी वळवू का मेंढरं? पयल्यापासनं घेतोस?"

मी सोपानरावांकडं बघत होतो. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"नगं, आबा. चालू हाय. चला तुमी."

आबा निघाले. कळप पुलापलीकडं उतरला, वळला, दिसेनासा झाला. त्यानंतरही कॅमेरा बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर चालू होता.

कॅसेट पुण्याच्या त्या मंडळाला पाठवली. थंडी गेली, माझी परीक्षा जवळ आली, उत्तर नाही. कोकणातून येणाऱ्याजाणाऱ्या माणसांबरोबर आबांचा निरोप मात्र यायचा, आणि तोही आता थेट सोपानरावांना: ते पिच्चर लागलं का?

शेवटी एका दुपारी कोपऱ्यावरच्या फोनवाल्यानं त्यांना पुण्याहून फोन आल्याचं सांगितलं. ते गेले आणि थोड्या वेळानं येऊन हॉटेलात माझ्यासमोर बसले. सांगू लागले, "मी गेलो, फोन कानाला लावला. मानूस भला होता. पिच्चर समद्यांला आवडलं म्हनला, लावू म्हनला, फकस्त..."

तेवढ्यात पोऱ्यानं मधेच विचारलं, दोन चहा का? मी मनातून खचलो. आता पुन्हा फोनवाल्याच्या हाकेपासून ऐकणं आलं.

सोपानरावांनी पोऱ्याला दोन बोटं दाखवली आणि तुटलं होतं तिथूनच पुढं सांगितलं, "फकस्त पुलावरचं तेवढं कापा म्हनला. म्हातारा मधेच बोलतो, ते चुकून आल्यागत वाटतंय. ते काढलं तर लावतो म्हनला. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या मग. पाठवा मागारी."