नगरचे कापडबाजारीं बैठक काबीज केली त्याची हकीकत

विद्येची देवता आणि कापडाचे व्यापारी उभयतांस दंडवत करून, शके अठराशें त्र्याण्णव, विरोधकृत नाम संवत्सरीं, वैशाख मासीं नगर मुक्कामीं जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत येथें लिहिली असे. ज्यांस यांत तिखटमीठ दिसेल त्यांनीं लेकीचा बस्ता एकवार बांधून पाहावा आणि मग बोलावें.

पारनेर तालुक्याचे सहादेवराव पाटील यांचे चिरंजीव गहिनीनाथ पुणें येथील विद्यापीठीं बी.ए.ची सनद संपादून स्वगृहीं दाखल जाहले. सनद ऐसी थोर, कीं तिजमुळें चिरंजीवांस कोणतेंही काम सांगूं नये हें घरांत आपोआप ठरलें. परंतु धाकटी बहीण छबू इचें लग्न अकोले तालुक्याचे गोरक्षरावांचे पुत्राशीं मुक्रर जाहलें होतें, आणि दारीं मांडव पडला होता, मग मातुःश्री राहीबाईसाहेबांनीं फर्मान काढिलें कीं, लग्नाचें समस्त कापड, म्हणजे बस्ता, उभय व्याह्यांसमवेत नगरीं जाऊन घ्यावा आणि मोहिमेची सरदारी शिकल्या लेकानें करावी. विद्वानांनीं विडा उचलला. कारण रंगनाथशेटजींचें दुकान त्यांचे लहानपणापासून पाहण्यांतलें. तेथें पांढरी गादी, पाठीशीं लोड, ठाणांमागून ठाणें पुढ्यांत उलगडावीं, मधून चहा यावा, ऐसी पिढीजाद वहिवाट होती.

मग मातुःश्री, बरोबरच्या बाया आणि उभय व्याही मिळोन फौज एस.टी.नें कूच करोन कापडबाजारीं पोहोंचली, आणि पाहते तों गादी गारद, लोड बेपत्ता, दारास कांच, छतास नळीचे दिवे, आणि मध्यें छातीइतका उंच लांकडी तट, ज्यास काउंटर म्हणती. तटापलीकडे खुद्द शेटजी पायांत बूट चढवून उभे. सहादेवरावांनीं जुन्या रिवाजानें वाहाणा बाहेर काढिल्या, आणि समस्तांनीं काढिल्या, आणि अनवाणी फौज गुळगुळीत फरशीवर उभी ठाकली. बसा म्हणून कोणी म्हणेना.

विद्वानांस मात्र बहुत संतोष जाहला. त्यांनीं तेथेंच व्याख्यान दिलें कीं, यास सुधारणा म्हणावें, पुण्यांत थोर थोर लोक उभ्यानेंच खरेदी करितात, गादीवर लोळणें हें मागासपणाचें लक्षण होय. शेटजींनीं मान डोलाविली. मग विद्वानांची नजर तीर्थरूपांकडे गेली. गांवचा पाटील, पण कचेरींत अर्ज घेऊन उभें राहावें तैसा हात जोडून उभा होता. तें पाहतां गहिनीनाथांनीं व्याख्यान अर्ध्यावरच आटोपलें.

इतक्यांत गोरक्षरावांनीं उपरणें झटकलें. "बसल्याबिगर बस्ता कसला? आमी येतो," म्हणोन दरवाजाकडे निघाले. व्याही बस्त्यावरून परतला म्हणजे लग्न मोडलें, हें सांगण्यास पंडित नको. विद्वान पुढें धांवले. त्यांनीं शेटजींकडे अर्जविनंत्या करून आंतून एक स्टूल पैदा केलें. एकच होतें. त्यावर सहादेवराव म्हणती व्याह्यांनीं बसावें, गोरक्षराव म्हणती मुलीचे बापानें बसावें, आणि कोणीच बसेना. तहाची बोलणीं फिसकटलीं, आणि मोडतें लग्न स्टुलापायीं अधिकच मोडूं लागलें.

त्यासमयीं राहीबाईसाहेबांनीं कोणाची मसलत न घेतां पदर खोचला आणि दालनाचे मधोमध फरशीवर बैठक मारिली.

"उभ्यानं मी बांगड्याबी भरत न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा ईवाई."

मग बरोबरच्या बाया बसल्या, आणि सहादेवराव बसले, आणि बायामाणसांकडे पाठ फिरविणें अदबीस सोडून, म्हणोन गोरक्षरावही माघारे येऊन बसले. यायोगें शत्रूची दैना उडाली. तटामागून शेटजींस एकही गिऱ्हाईक दिसेना, आणि दारचें गिऱ्हाईक वाट अडल्यामुळें आंत येईना. त्यांनीं तटावरून वाकून लुगड्यांची वाखाणणी आरंभिली, तों कंबर धरली. अखेर हार खाऊन किल्ल्याबाहेर आले, बूट काढिले, ठाणें फरशीवर उलगडून आपणही मांडी घातली आणि बसलेल्या मंडळीस म्हणाले, "बसा." चहाचा हुकूम सुटला. शेटजींचे तोंडावर जें समाधान दिसलें, तें सुधारणा झाल्यापासून कोणी पाहिलें नव्हतें म्हणती.

उभे राहिले ते एकले विद्वान. गोरक्षरावांनीं सरकून शेजारीं जागा केली आणि फरशीवर हात थोपटून म्हणाले, "आता तुमीच राह्यला, पाव्हणं." विद्वानांचे अंगीं पुण्याहून शिवून आणिलेली तंग नळीची विजार होती, जी उभ्या खरेदीच्याच जमान्यासाठीं बेतलेली. परंतु बहिणीचे लग्नापुढें विजारीची काय कथा? देवाचें नांव घेऊन ते खालीं बसले, आणि कापड फाटल्याचा आवाज समस्तांनीं स्पष्ट ऐकिला. शेटजींनीं तर शपथेवर सांगितलें कीं, आपण अद्याप कात्रीस हात लाविला नाहीं.

येणेंप्रमाणें नगरचें कांचेचें दालन काबीज जाहलें, बस्ता बांधिला, लग्न कायम राहिलें. मोहिमेंत राहीबाईसाहेबांनीं शर्थ केली हें खरें. परंतु चहा जाहला, गांठोडीं बांधिलीं, उभय व्याही हातांत हात घालून बाहेर पडले, तरी अखेरपर्यंत ज्यांनीं बैठक सोडिली नाहीं ते वीर एकले गहिनीनाथ बी.ए. सबब इतकीच कीं, त्यांस उठतां येईना.