बस्त्यावमामाचं वाऱ्याशी वैर

माझा बस्त्यावमामा वाऱ्याशी भांडतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. गास गावातल्या आपल्या केळीच्या वाडीत तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि उशिरा आलेल्या गड्याला झापावं तसा वाऱ्याला झापतो. घडाच्या ओझ्याने वाकलेली केळ वाऱ्याने आडवी झाली, की तिच्याकडे बोट करून आभाळाला विचारतो, "याला जबाबदार कोण?" वारा काही बोलत नाही. मग घरात जो पहिला सापडेल त्याला उत्तर द्यावं लागतं.

मामाचा जगाला हा एकच प्रश्न आहे. कालवणात मीठ कमी पडलं, बस उशिरा आली, मोबाइलची रेंज गेली, याला जबाबदार कोण? एकदा रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सात, उपदेश फार लांबला, तेव्हा त्याने देवळाच्या पायरीवर फादरनाच गाठून विचारलं. फादर हसून म्हणाले, "मी." मामाची तयारी वादाची होती, कबुलीची नव्हती. पुढचे कित्येक दिवस तो वाडीत पुटपुटत होता, "असं लगेच कबूल करायचं असतं होय? माणसाने जरा तरी लढावं!"

घरात आम्ही आमची गावची बोली बोलतो. पण मामा रागावला की थेट वर्तमानपत्राच्या मराठीत शिरतो. सदैव रागावलेलाच असल्यामुळे तो सदैव शुद्ध बोलतो. परक्या माणसाला वाटतं, केवढा सुसंस्कृत गृहस्थ! आम्हाला माहीत असतं, की त्याच्या तोंडून 'कृपया' हा शब्द आला म्हणजे आता पळायला हवं.

अशा माणसाबरोबर रोजीमामीने पन्नास वर्षं काढली. मामीचं माहेर राजोडीच्या किनाऱ्यावर, मासेमारी करणाऱ्या घरात. बाप, भाऊ, काका सगळे दर्यावर जाणारे. पण बायकांना होडीत कुणी घेत नसे. बायकांनी किनाऱ्यावर थांबायचं, मासळी उतरवायची, वाळवायची, विकायची. समुद्र अंगणात असूनही मामी एकदाही पाण्यावर गेली नाही. लग्न होऊन गासला आली आणि चुलीपाशी उभी राहिली. तिला बसून जेवताना मी पाहिलेलं नाही. ताटावर बसते न बसते तोच कुणी पाणी मागतं, कुणी भाकरी मागतं, आणि सगळ्यात मोठ्याने मामा मागतो.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात आम्ही बायका गप्पा मारत होतो. कुणीतरी मामीला विचारलं, तुझी काय इच्छा राहिलीय? मामी लाजली आणि म्हणाली, "मना काय नको. एकदा दर्यात जायाचा हाय. मोठ्या बोटीवर. खुर्चीवर बसायचा, सामने पानी बघायचा, कोनीतरी आनून वाढायचा. आनी मी उठायची नाय." सगळ्या हसल्या. मामा दोन खुर्च्या सोडून बँडवाल्याशी भांडत होता. त्याच्या कानावर काही पडलं असेल असं कुणालाच वाटलं नाही.

यंदा त्यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव आला आणि मामाने फर्मान काढलं, की क्रूझवर जायचं. त्यांची मुलगी कॅनडात. तिने तिकडून तीन तिकिटं काढली आणि तिसरं माझ्या नावावर टाकलं. मी बँकेत नोकरी करते, मला इंग्रजी येतं आणि माझं लग्न झालेलं नाही. आमच्याकडे या तीन गोष्टी एकत्र आल्या, की त्या बाईची रजा सगळ्या गावाच्या मालकीची होते.

आणि महिना कोणता? मेची अखेर! त्या दिवसांत कोळी होड्या वर ओढायच्या मागे असतात, समुद्र फुगायला लागतो, आणि आम्ही तिकिटं काढून आत निघालो. निघायच्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ तयार झालं. मोबाइलवर त्याची लाल-पिवळी भिंगरी गरगरताना दिसू लागली. मी मामाला म्हटलं, डिसेंबरला जाऊ. त्याने तो मोबाइल हातात घेतला आणि भिंगरीकडे बघून म्हणाला, "लग्न मे महिन्यात झालं. डिसेंबरमध्ये कसला महोत्सव? ही पन्नास वर्षं थांबली. आता चार दिवस कृपया या वादळाने थांबावं."

कृपया म्हणाला, म्हणजे विषय संपला.

जहाज कंपनीने कळवलं, की वादळ ओमानकडे सरकतंय, आम्ही लक्षद्वीप सोडून फक्त गोव्यापर्यंत जाऊन येऊ. मामी बॅग भरायला बसली. दोन साड्या, रोझरीची माळ, वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची डबाभर सुकेळी, आणि सर्वांत वर तिने झावळीची सुकी पट्टी ठेवली. झावळ्यांच्या रविवारी देवळात आशीर्वाद दिलेली झावळी आमच्याकडे घरोघरी क्रुसामागे खोचलेली असते. वादळ आलं, वीज कडाडली, की तिचा तुकडा जाळतात आणि प्रार्थना म्हणतात. मामीची आई होड्या पाण्यावर असताना अंगणात जाळायची. मामी गासला तेच करते आणि मामा दरवेळी तिच्यावर उखडतो.

त्या दिवशीही उखडला. "झावळीने वादळ थांबत असतं तर माझी केळी का पडली असती? जहाजावर काय धूर करणार आहेस? लोक हसतील. ठेव ती इथे!" मामीने बॅग पुन्हा उघडली. झावळी परत क्रुसामागे गेली. मला मामाचा इतका राग आला, की टॅक्सीत मी त्याच्याशी बोललेच नाही. अर्थात त्याला ते कळलं नाही, कारण तो घोडबंदरपर्यंत ड्रायव्हरशी भांडत होता.

जहाजावर पाऊल ठेवताच मामाने रणशिंग फुंकलं. खोलीत पलंगावर टॉवेलची घडी घालून हत्ती बनवून ठेवला होता. मामा म्हणाला, "आता अंग कशाने पुसायचं? हत्तीने? याला जबाबदार कोण?" जेवणाच्या हॉलमध्ये केळ्यांवर चिकटवलेले स्टिकर पाहून तो फळांच्या टेबलापाशी जो उभा राहिला, तो मागे रांग लागली तरी हलेना. लाइफ जॅकेट घालायची तालीम झाली, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माणसं इतक्या हौसेने बुडण्याची रंगीत तालीम करताना मी प्रथमच पाहतो आहे." त्याच तालमीत त्यांनी बजावून सांगितलं, की खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, काहीही पेटवायचं नाही. मी ते दोघांना दोनदा मराठीत सांगितलं.

सर्वांत मोठं भांडण झालं हॅटवरून. मामाची एक काळी फेल्टची हॅट आहे, लग्नातली. ती घालून तो जेवायला आला. वेटरने नम्रपणे हॅट काढायला सांगितलं. "हॅट मी फक्त देवळात काढतो," मामा म्हणाला, "हे देऊळ आहे काय?" वेटर गेला, मॅनेजर आला, मॅनेजर गेला. हॅट डोक्यावरच राहिली. मी ताटात तोंड खुपसून बसले होते. आणि मामी? ती पहिल्याच जेवणाला तीन वेळा उठली. एकदा मामाला पाणी आणायला, एकदा माझा चमचा पडला म्हणून, आणि एकदा वेटरच्या हातातला ट्रे जड दिसला म्हणून. वर पाऊस, त्यामुळे डेकवर जाणं बंद. समुद्र तिला खिडकीच्या ओल्या काचेतूनच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी वादळाने बेत बदलला. ते आमच्यापासून लांबच होतं, पण त्याचा वारा आणि लाटा पोचल्या. चहाच्या वेळेला जहाज असं कलायला लागलं, की कप आपोआप टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊ लागले. आम्ही खोल्यांमध्ये परतलो. मामाने खिशातून केळीच्या सोपटाची, खोडाच्या वाळक्या सालीची, गुंडाळी काढली. वाडीत तो याच सोपटाने केळीला टेकू बांधतो. त्याने फ्लास्क बांधला, बॅगा बांधल्या, खुर्ची पलंगाला बांधली. मामी पलंगावर रोझरी धरून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. आकाशात कडाडलं तशी ती हळूच म्हणाली, "झावळी आनायला होयी होती." तिने मामाला टोमणा मारला नाही. तिला फक्त झावळी हवी होती.

मामा उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, कप्तानाशी भांडायला गेला असणार. मी मामीला लिंबू हुंगायला दिलं आणि शेजारच्या माझ्या खोलीत गोळ्या आणायला गेले. गोळ्या शोधतेय तोच भोंगा वाजला.

काय तो भोंगा! सगळा मजला किंचाळत बाहेर आला. लाल दिवे लुकलुकू लागले. काही जण लाइफ जॅकेट उलटी घालून जिन्याकडे धावले, एक गृहस्थ तोंडाला साबण लावलेले तसेच आले. कर्मचारी आग विझवायची नळकांडी घेऊन धावत आले आणि थेट मामाच्या खोलीत घुसले. मी त्यांच्या मागे.

आत मामा उभा होता. हातात जेवणाच्या हॉलमधली स्टीलची ताटली, ताटलीत जळून काळी झालेली झावळीची राख, आणि खोलीभर धूर. धूम्रपानाच्या कोपऱ्यातल्या कुणाकडून तरी त्याने लायटर मागून आणला होता. हॅट पलंगावर उलटी पडली होती. तिचं आतलं अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं, आणि त्यात हिरवट-पिवळ्या झावळीची उरलेली पट्टी गोल बसवलेली दिसत होती. घरी क्रुसामागून काढून त्याने ती अस्तरात शिवली होती, आणि मुंबईपासून डोक्यावर वागवली होती.

मामी हात जोडून प्रार्थनेचे शेवटचे शब्द पुटपुटत होती. तिच्या ओठांना रंग आला होता.

सुरक्षा अधिकारी साताऱ्याकडचा निघाला. त्याचा राग अगदी रास्त होता. जहाजावर आग म्हणजे काय असतं, हे त्याने आम्हाला चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं. मग वही काढून मराठीतच विचारलं, "बोला, याला जबाबदार कोण?"

मामी पुढे झाली. "साहेब, मीच बोललेली की..."

"मी," मामा म्हणाला.

ना वाद घातला, ना कंपनीला बोल लावला, ना वाऱ्याला.

अधिकाऱ्याने सांगितलं, की मुंबई येईपर्यंत तुम्ही सगळे खोलीतच राहायचं, जेवण दारात मिळेल. मामा मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "साहेब, गुन्हा माझा. मला कोंडा. दाराला माणूस बसवा. पण हिला उद्या सकाळचा नाश्ता वरती करू द्या. कठड्याजवळच्या टेबलावर, जिथून समुद्र दिसतो." त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तिथे कुणीतरी तिला वाढा. मी असलो की ती उठते."

मला भयंकर राग आला. पन्नास वर्षं हे या माणसाला माहीत होतं! मग एक दिवस तरी स्वतः उठून पाणी घ्यायला काय झालं होतं? राग आला आणि डोळेही भरून आले, ते मी त्या अधिकाऱ्यापासून लपवलं. त्याने वही मिटली आणि होकारार्थी मान डोलावली.

सकाळी वारा उतरला होता. पाणी अजून मातकट आणि फुगलेलं, पण वर ऊन होतं. मामी ठेवणीतली साडी नेसून कठड्याजवळच्या खुर्चीवर बसली. वेटरने चहा आणला, ऑम्लेट आणलं, पाव आणला. मी साखर शोधत होते तेव्हा तिचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. "नाय उठायचा," ती स्वतःलाच म्हणाली आणि तिने हात मांडीवर ठेवला. वेटरच्या हातून बशी घसरली तेव्हाही ती दचकली आणि तशीच बसून राहिली. मग तिने शांतपणे सगळं खाल्लं, मधे मधे थांबून, समोर बघत.

"बापूस रोज ह्या पान्यात येयाचा," ती म्हणाली. "आमी मागे वाट बघायची. हितून कसा दिसते, ते कदी कोनी सांगितलाच नाय."

मी मामासाठी एक ताटली भरून खाली नेली. त्याला काय काय सुनवायचं हे जिन्यात ठरवून टाकलं होतं. माझी रजा, सगळ्या जहाजासमोर गेलेली लाज, उलटी लाइफ जॅकेट घातलेली ती माणसं, सगळं. दाराशी बसलेल्या माणसाने मला आत सोडलं. मामा सोपटाने बांधलेल्या सामानात पलंगावर बसला होता. हॅट मांडीवर होती. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं,

"उठली काय गं ती?"

"नाही."

"एकदापन नाय?"

किती तरी वर्षांनी तो माझ्याशी घरच्या बोलीत बोलत होता. "एकदाही नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या ताटलीकडे गेलं, आणि त्याचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा तापला.

"मग तू इथे काय करते आहेस? तिचा चहा संपला असेल! तिला दुसरा कप कोण देणार? ती उठेल ना! कृपया आधी वर जा!"

कृपया म्हणाला. मी त्याचं ऑम्लेट हातात तसंच घेऊन जिना चढले.