गुणाजीतात्यांचं नाक

माझी वरात दारात येऊन थांबली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. मला वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी दारावरच्या तोरणाचं एक पान ओढलं, चुरगळलं, हुंगलं आणि जाहीर केलं, "पान रायवळाचा, हलक्या जातीचा. नवरी मात्र बरी दिसता."

हे शेजारचे गुणाजीतात्या. आंब्याचं पान हुंगून झाडाची जात सांगायची, हा त्यांचा धर्म. दातही आंब्याच्याच पानाने घासायचे. मधली शीर काढून तिनेच जीभ खरवडायचे. एस.टी. नुकती कट्टा गावापर्यंत येऊ लागली होती. तिथल्या बाजारात कोणी कलम घेतलं, की ते आधी तात्यांच्या नाकाखाली. "विकणारो खोटा बोलात, पान खोटा बोलूचा नाय!" एकाने हौसेने वाढवलेलं झाड हुंगून ते म्हणाले, "हापूस? सरपण आसा ता." त्या माणसाने संध्याकाळीच कुऱ्हाड घातली.

मी घाटावरची, चौथीत शाळा सुटलेली. इथलं बोलणं अर्धंच कळायचं, म्हणून नुसती मान डोलवायची. येताना वडिलांच्या विहिरीवरच्या आंब्याची कोय पदरात बांधून आणली होती. ती परसात रुजली, तीन वर्षांत माझ्या खांद्याला लागली. सासूबाईंना नेमकं तिथेच वेंगुर्ल्याहून हापूसचं कलम आणून लावायचं होतं. त्यांनी तात्यांना परसात बोलावलं.

"तात्यानू, वास घेवन सांगा. रायवळ आसलो तर उद्याच तोडतंव."

कोयीचं झाड, रायवळच असणार. मी झाडाला पाठ लावून उभी राहिले.

तात्यांनी पान हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. परत हुंगलं.

"काय कळना नाय," ते म्हणाले. "फळ धरल्याशिवाय तोडू नकात."

"तुमका कळना नाय?" सासूबाई हसतच सुटल्या. "म्हाताऱ्याचा नाक गेला गो!"

आठवड्याभरात ते गावभर झालं. लोक कलमं परस्पर लावू लागले.

एकदा कुंपणाशी मी त्यांना गाठलं. आभार मानायला शब्द जुळेनात, रडूच आलं.

"रडतस कित्याक गो? माझा चेडू थंय घाटार दिलला."

त्यांना मुलगी आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आमच्या आंब्याचो बाठो पदराक बांधून घेवन गेला. रुजलो म्हणान एक कागद इलो. मगे काय नाय." तात्या कुंपणाची काटी उगाच सारखी करत राहिले. "तो तोडल्यानी काय ठेवल्यानी, माका कोण सांगतलो?"