तिंबू नका म्हणे!

गुरुवारी सकाळी साडेअकराला दत्तप्रसादांनी पोळीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, तीनदा चावला आणि म्हणाले, "जरा वातड झालीय."

एवढंच. आवाज चढवला नाही, ताट सरकवलं नाही. गेली एकतीस वर्षं ते असंच बोलत आले होते. आमटी जरा पुढे गेलीय, भात जरा मागे राहिलाय, कोशिंबिरीत कूट जरा... (इथे वाक्य अर्धवट सोडायचं. म्हणजे समोरच्याला ते दिवसभर पुरतं.) वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांचा जन्म गेला होता. मार्केट यार्डातले भलेभले व्यापारी त्यांना लांबून बघून तराजू पुसायला घेत. निवृत्तीनंतर तपासायला उरलं होतं फक्त स्वतःचं ताट, आणि ते मात्र ते दोन्ही वेळा मनापासून तपासत.

पण त्या गुरुवारी द्वारकाबाईंनी गॅस बंद केला. अजून सहा पोळ्या लाटायच्या बाकी होत्या. एवढ्यावरून तरी दत्तप्रसादांनी सावध व्हायला हवं होतं.

"अहो, एक काम करा," द्वारकाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "रविवारी तुम्ही एक पदार्थ करायचा. कुठलाही. सगळा स्वतःच्या हाताने. चांगला झाला, तर जन्मभर नावं ठेवा, मी चकार शब्द काढणार नाही. बिघडला, तर ताटावर बसल्यावर तोंड फक्त जेवायला उघडायचं."

"आणि ठरवणार कोण? तू?"

"सर्जेरावांना बोलवा. मग तर झालं?"

सर्जेराव म्हणजे तळमजल्यावरचे शेजारी. हडपसरजवळच्या मांजरी गावातली ही सोसायटी ज्या उसाच्या रानावर उभी आहे, ते रान त्यांचंच. बदल्यात फ्लॅट मिळाले, पण मागचा अर्धा एकर त्यांनी काही सोडला नाही. तिथे झाडाखाली बाज टाकून ते दिवसभर बसत आणि शेजारी मैना नावाची त्यांची गाय रवंथ करी. पार्किंगच्या भांडणापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सोसायटीत त्यांचा शब्द चाले.

"मान्य," दत्तप्रसाद म्हणाले. "पण माझी एक अट आहे. मी करत असताना मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. सूचना नको, सल्ला नको, उसासासुद्धा नको."

"मान्य," द्वारकाबाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, की दुसऱ्या कुणालाही शंका आली असती.

आता पदार्थ कुठला? दत्तप्रसादांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. उपमा, शिरा असलं काही करून आपली पातळी सोडायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. शेवटी एका परदेशी बाईने आठ मिनिटांत घरच्या घरी केलेली बिस्किटं त्यांच्या मनात भरली. ही आपल्या चहातली कुरकुरीत नव्हेत. ही बोटभर उंच, टम्म फुगलेली, पावासारखी मऊ, पदर सुटलेली. बाईने एक बिस्किट हाताने उघडलं तेव्हा आतून वाफ आली. दत्तप्रसादांना रविवारचा विजय समोर दिसला.

त्यांनी मुलीला, वैष्णवीला, फोन लावला. ती हिंजवडीला आयटीत असते.

"बाबा, सीरियसली? बिस्किटं? फ्रॉम स्क्रॅच? आईला विचारून करा ना, प्लीज."

"तुझ्या आईला बोलायला बंदी आहे."

"म्हणजे? तुम्ही भांडलात का?"

"छे. करार झालाय."

रविवारी अकरा वाजता दत्तप्रसाद ॲप्रन बांधून ओट्यापाशी उभे राहिले. द्वारकाबाई दारातल्या खुर्चीत मेथी निवडत बसल्या. (घरात त्या दिवशी मेथीची भाजी नव्हती. पण बघायला बसायचं तर हाताला काहीतरी काम हवं.)

पहिलीच अडचण मापाची आली. व्हिडिओतली बाई म्हणाली, दोन कप मैदा. दत्तप्रसादांनी मोबाइल थांबवला. "कप? कोणता कप? कप हे माप आहे का? कप हे भांडं आहे!" घरात पाच आकारांचे कप निघाले. त्यांनी कपाटातून आपला पितळी तराजू काढला, पाचही कपांतला मैदा तोलला, सरासरी काढली आणि मगच पुढे गेले. तोवर फ्रिजमधून काढलेलं गार लोणी, जे गारच राहायला हवं होतं, ते वाटीत पसरून निवांत झालं होतं.

लोणी मैद्यात गेलं, बेकिंग पावडर गेली, ताक गेलं. आणि मग बाई ते वाक्य म्हणाली. पीठ मळू नका, नुसतं एकत्र करा, हात जितका कमी लागेल तितकं चांगलं.

"तिंबू नका म्हणे!" दत्तप्रसाद हसले. "आळशी लोक!"

आता यात त्यांची एक अडचण होती, ती समजून घ्या. पोळी बिघडली की कणीक तिंबली नाही, हे निदान त्यांनी एकतीस वर्षं, तीनशे पासष्ट दिवस केलं होतं. त्याच माणसाने स्वतःचं पीठ न तिंबता ओव्हनमध्ये घालायचं? तेही द्वारकाबाईंच्या देखत? त्यांनी बाह्या वर केल्या आणि पिठावर तुटून पडले. मुठीने दाबलं, तळव्याने रेटलं, उचलून ओट्यावर आपटलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

"अहो..." द्वारकाबाई न राहवून म्हणाल्या.

"अट!" दत्तप्रसाद ओरडले.

द्वारकाबाईंनी मेथीत डोकं घातलं. त्यांचे खांदे हलत होते. बायको भारावून गेली आहे असं समजून दत्तप्रसादांनी आणखी दहा मिनिटं जोर लावला. एकूण चाळीस मिनिटं झाली. पीठ तुकतुकीत दिसायला लागलं, आणि वाटीने गोल कापताना वाटीच वाकडी झाली. बारा बिस्किटं थाळीत नीट ओळीने बसली.

"आता ओव्हन आधी तापवून घ्यायचा," त्यांनी स्वतःलाच सांगितलं आणि बटण फिरवलं.

द्वारकाबाई खुर्चीतून उठल्या. "अहो, ओव्हनमध्ये..."

"अट म्हणजे अट!"

तो ओव्हन वैष्णवीने पहिल्या पगारातून घेतला होता. त्यात एकदा केक झाला आणि मग तो, बहुतेक घरांत होतो तसा, कपाट झाला. त्यात काय ठेवायचं हेही दत्तप्रसादांनीच ठरवलं होतं. कापडाच्या दुकानातल्या, मिठाईच्या, नाडीवाल्या, जाड, चांगल्या अशा सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या तिथे घड्या घालून ठेवलेल्या असत. "टाकू नकोस, लागतात," असं म्हणून त्यांनी अडीच वर्षांत साठएक जमवल्या होत्या. लागल्या त्या अशा.

आधी वास आला, मग धूर. दत्तप्रसादांनी दार उघडलं तेव्हा पिशव्या जाळीवरून थेंबाथेंबाने खाली उतरत होत्या. द्वारकाबाईंनी नाकाला पदर लावला, प्लग काढला, खिडक्या उघडल्या, ओलं फडकं टाकलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या. हे सगळं एक अक्षरही न बोलता. करार त्या अक्षरशः पाळत होत्या.

घड्याळात साडेबारा. सर्जेरावांना चारचं आमंत्रण. आणि ओव्हन संपलेला.

दत्तप्रसादांना घाम फुटला. गोष्ट बिस्किटांची नव्हती. उद्यापासून आयुष्यभर, दोन वेळा, समोर काहीही आलं तरी गप्प बसायचं, याची होती. मग त्यांना भट्टी आठवली. दिवाळीच्या आधी बायका रवा, मैदा, तूप घेऊन बेकरीत जातात, समोर बसून नानकटाई भाजून घेतात. करार हाताने करण्याचा होता, आच कुणाची हे कुठे ठरलं होतं? त्यांनी थाळीवर ओलं फडकं घातलं, स्कूटरच्या पुढ्यात ठेवली आणि हडपसर गाठलं.

बेकरीत बाकावर तीन बायका आपापल्या डब्यांवर पहारा देत बसल्या होत्या. आपलं साजूक तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये, म्हणून हा पहारा असतो. मालक पोपटशेठनी थाळीवरचं फडकं उचललं.

"काय आहे?"

"बिस्किटं. फुगणारी."

पोपटशेठनी एका बिस्किटावर बोट दाबलं. बोट आत गेलं नाही. "मळलंय कुणी?"

"मी."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"कुणावर राग होता?"

बाकावरच्या तिन्ही बायका हसल्या. दत्तप्रसाद गंभीरपणे चौथ्या जागेवर बसले आणि आपल्या थाळीवर नजर ठेवून राहिले. (कुणी ती बदलली असती तर उपकारच झाले असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.) अर्ध्या तासाने थाळी बाहेर आली. बिस्किटं जेवढी गेली होती तेवढीच परत आली होती, फक्त रंगाने काळवंडली होती.

"पैसे राहू द्या," पोपटशेठ म्हणाले. मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात म्हणाले.

काउंटरवरच्या काचेत गरम, मऊ, फुगलेले बनपाव रचून ठेवले होते. दत्तप्रसाद त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. बारा बन, एक रिकामी थाळी, कुणाला कळलं असतं? पण तीस वर्षं ज्याने खोटी वजनं पकडली, त्याला खोटी बिस्किटं नेता येईनात. आपली बारा घेऊन ते घरी आले. या एका गोष्टीबद्दल त्यांना मान द्यायला हवा. पुढे तो कुणी दिला नाही.

चार वाजता सर्जेराव आले. "काय साहेब, बिस्कुटं केलीत म्हनं तुमी!"

चहा आला. सर्जेरावांनी एक बिस्किट हातात घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि मुकाट्याने चहात बुडवलं. ही बिस्किटं बुडवायची नसतात, हे सांगायला दत्तप्रसादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. न बुडवता काय झालं असतं?

"पडंल मऊ," सर्जेराव म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "वहिनी, चहा तेवडा तापवून द्या. गार झाला. बिस्कुट हाय तसंच हाय."

दुसऱ्या चहातही ते तसंच राहिलं. सर्जेराव मोठे सभ्य गृहस्थ. बराच विचार करून ते म्हणाले, "टिकाऊ हाय. लय टिकाऊ. धा वर्सं काय व्हत न्हाई याला." मग दोन बिस्किटं खिशात घालून ते मैनेला द्यायला गेले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दत्तप्रसादांनी सगळं पाहिलं. मैनेने हुंगलं, धन्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून ती उसाच्या वाढ्याकडे वळली.

आत द्वारकाबाईंनी अडकित्ता आणला. एका बिस्किटाचे चार तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि सावकाश, पूर्ण चावून खाल्ला. दत्तप्रसाद खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"जरा..." द्वारकाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

दत्तप्रसादांना त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. हरल्याचं वाटलंच. पण एकतीस वर्षांत आपण या स्वयंपाकघरात काय दिलं याचा हिशेब मांडला, तर एक जळका ओव्हन आणि एक वाकडी वाटी एवढंच निघतं, हे जास्त लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं, शब्द पाळायचा.

आणि त्यांनी पाळला. सोमवारी ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त आमटीचा भुरका घेताना डावी भुवई वर गेली. मंगळवारी भाजीला नाक हललं. बुधवारी भाताशी दोन्ही भुवया एकमेकींना भेटल्या. शुक्रवारी द्वारकाबाईंनी पळी खाली ठेवली.

"अहो, यापेक्षा बोलणं परवडलं. तोंड बंद आहे, पण चेहरा नुसता बडबडतोय. उद्यापासून गॅलरीत, बाहेर तोंड करून जेवायचं."

शनिवारपासून ताट गॅलरीतल्या स्टुलावर गेलं. आत पाठ, बाहेर तोंड. दत्तप्रसादांना ही व्यवस्था फारच आवडली. कपाळाला आठ्या घाला, ओठ मुरडा, डोळे फिरवा, बघायला कुणी नाही. दोन दिवस ते अगदी मोकळेपणाने जेवले.

तिसऱ्या दिवशी आमटीचा पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. खाली बाजेवर सर्जेराव बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि दोन इमारतींना ऐकू जाईल अशी हाक दिली.

"वहिनी! आज आमटीत मीठ जास्ती पडलंय बगा!"

द्वारकाबाई लगबगीने गॅलरीत आल्या. पळीने आमटी चाखली. "अगंबाई, खरंच की हो भाऊ! बरं झालं सांगितलंत!" त्यांनी आमटीत गरम पाणी घालून आणलं, वाटी पुन्हा वाढली आणि नवऱ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात जाणकार माणूस. लांबून, न चाखता कळतं त्यांना. आणि एकही शब्द वावगा नाही."

दत्तप्रसादांपाशी याला उत्तर होतं. अगदी तयार, नेमकं, झोंबेल असं होतं. पण ते ताटावर बसले होते.