ऋषिपंचमीचा सुरण

"आज पुरणपोळी पाह्यजे," महादेवरावांनी ओसरीवरूनच फर्मान सोडलं. "अकोटचा दलाल येऊन राह्यला. उभ्या पराटीचा सौदा हाय."

"आज ऋषिपंचमी हाय," दुर्गाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "बैलाच्या मेहनतीचं आज माह्या चुलीवर चढत नाई."

"ते तुले. आमाले काय?"

"चूल एकच हाय."

ऋषिपंचमीला बायकांनी नांगरल्या जमिनीतलं खायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुर्गाबाईंना त्याची कधी चिंता पडली नव्हती. विहिरीमागे त्यांची स्वतःची भाजीपाल्याची वाडी होती. सासूच्या काळापासून ती कुदळीनंच खणलेली. बैलाचा खूर तिला कधी लागला नव्हता. मग परमुलखात कुठेशी लढाई जुंपली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि वऱ्हाडातल्या पुरुषांच्या डोक्यातच कपाशीची पराटी उगवली. महादेवरावांनी शेताचे धुरे-बांध नांगरले, गोठ्यामागची जागा नांगरली, आणि मृगात बायको माहेरी गेलेली पाहून तिच्या वाडीतही बैल घातले. सावली पडते म्हणून परसातली चिंच तोडली. दुर्गाबाई परतल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पराटी उभी होती. त्यांनी पराटी ओलांडून चूल पेटवली. महादेवरावांना वाटलं, निभावलं.

आज पहाटेच त्या टोपली घेऊन नाल्याकडे रानभाजीला जाऊन आल्या होत्या. बैल न गेलेली जमीन तेवढीच उरली होती. तरोटा मिळाला, घोळ मिळाली, मूठभर करटुली आणि एक भलामोठा रानसुरण. रानसुरण चिंचेवाचून खाजतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण चिंच सरपणात गेलेली. मडक्यात अंबाडीची आंबट बोंडं होती, तर ती नांगरल्या शेतातली. शेजारच्या सत्यभामेकडे चिंच मागायला जाणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. "दोनदा उकळला का निंघन खाज," असं चुलीला बजावून त्यांनी सुरण शिजत टाकला.

दलाल भगवंतराव आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. पानात तळ्याकाठी आपसूक उगवणारा देवभात आणि काळपट भाजी पाहून त्यांनी यजमानाकडे पाहिलं. यजमानांनी आढ्याकडे पाहिलं.

"ऋषीची भाजी हाय, नाई म्हनू नोका," म्हणत दुर्गाबाईंनी आणखी एक डाव वाढला. व्रताच्या अन्नाला नाही कोण म्हणणार? दोघांनी पान साफ केलं.

खाज आधी घशात आली. दलाल खाकरले, महादेवराव खाकरले, मग दोघं आळीपाळीनं खाकरत बसले. बोलण्याची सोयच उरली नाही. पण कापसाच्या सौद्याला बोलावं लागतं कुठे? रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतालच्यांना पत्ता न लागू देता. रुमाल पसरला, हात आत गेले आणि नेमकी तेव्हाच खाज बोटांत उतरली.

महादेवरावांनी बोटं खाजवली. दलालाला वाटलं, भाव वाढवला. त्यांनी थोडा चढवून दिला. महादेवरावांनी आणखी जोरात खाजवलं. आता दलालाचीही बोटं वळवळू लागली. गडी चढतोय चढतोय म्हणून महादेवराव मनात खूश झाले आणि त्या आनंदात पंजा दलालाच्या तळहातावर घासू लागले. रुमाल गारुड्याच्या टोपलीसारखा हलत होता. शेवटी भगवंतरावांनी हात ओढून घेतला.

"एवढ्यात तं अख्खी अकोटची पेठ येते, राजेहो!" ते घोगऱ्या आवाजात ओरडले. "सौदा करून राह्यले का दरोडा घालून राह्यले?" आणि आपल्या बैलांच्या दमणीत बसून चालते झाले.

"तुह्या सुरणानं घात केला!" महादेवराव गरजायला गेले, पण घशातून नुसती शीळ निघाली.

"सुरणानं नाई, तुमच्या बैलानं. माही वाडी असती तं दलालानं भेंडी खाल्ली असती." दुर्गाबाई आपलं पान घेऊन समोर बसल्या आणि तीच भाजी खाऊ लागल्या. त्यांच्याही घशात काटे उभे राहिले, डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती चुलीच्या धुरावर ढकलली आणि पुन्हा वाढून घेतलं. "मले तं काईच नाई होऊन राह्यलं."

"उद्या दुसरा दलाल येनार हाय."

"येऊ द्या. अर्धा सुरण बाकी हाय."

"उद्या कुठची ऋषिपंचमी?"

"वाडी भेटत नाई तवरोक माही रोजच ऋषिपंचमी."

महादेवरावांनी कोपऱ्यातल्या अर्ध्या सुरणाकडे पाहिलं आणि हत्यार टाकलं. "घे बाप्पा तुही वाडी. उद्या बैल घालून पराटी मोडतो."

"बैल?" दुर्गाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव कुदळ घेऊन परसात वाकले होते आणि फुलावर आलेली पराटी स्वतःच्या हातानं उपटत होते. सत्यभामेचा नवरा केशवराव कुंपणाशी थबकला.

"काहून बा, उभी पराटी उपटून राह्यले? बजाराची काई खबर हाय काय?"

महादेवरावांनी घाम पुसला. दारात दुर्गाबाई उभ्या होत्या. बायकोनं कामाला लावलं, हे गावात सांगण्यापेक्षा काहीही बरं.

"हाय," ते हळूच म्हणाले. "पक्की खबर हाय. घराजवळची पराटी ठेवू नोका. अन् कोनाले सांगू नोका."

दुपारपर्यंत अर्ध्या गावाच्या परसांतून कुदळीचे आवाज येऊ लागले. दिवेलागणीला सत्यभामा हसत हसत दारात आली.

"आमच्या घरच्यानं माही वाडी मोकळी करून देली वं माय! तुमच्याकडून कोनती तं खबर भेटली म्हन्ते. कुठल्या बजारातली वं?"

दुर्गाबाईंनी आधी घसा साफ केला.

"बजारातली कायची," त्या म्हणाल्या, "चुलीवरची."