डोंगर जागच्या जागी आहे

डोंगराला घाई नसते आणि कार्यालयालाही नसते. म्हणूनच दोघांचे इतकी वर्षे उत्तम जमले.

उतार निरीक्षण कार्यालयाच्या नियमावलीत डोंगराच्या हालचालींचे तीन प्रकार दिलेले आहेत. डोंगर कोसळला तर ती आपत्ती, घसरला तर अपघात आणि नुसता सरकला तर अफवा. (अफवेसाठी वेगळा छापील अर्ज आहे. तो संपला आहे.)

कार्यालयातले मोजणीदार अत्यंत प्रामाणिक गृहस्थ. दर सोमवारी सकाळी दहाला ते फितीचे एक टोक कार्यालयाच्या उंबऱ्याला लावत आणि दुसरे वरच्या अंगाला ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. अंतर चाळीस मीटर. एकोणीस वर्षांत नऊशे अठ्ठ्याऐंशी सोमवार आले आणि नोंदही तितक्याच वेळा झाली: सरक शून्य. (एकदा एक्केचाळीस भरले होते, पण तेव्हा फीत झुडपात अडकली होती.) सर्वांत स्थिर डोंगर म्हणून कार्यालयाला मानाची ढालही मिळाली. भिंतीवर ती काही केल्या सरळ राहीना, म्हणून टेबलावर आडवी ठेवली.

मोजणीदारांची थोरली बहीण कार्यालयाच्या खाली तीन घरे सोडून राहत होती. सगळी गल्ली तिला आक्का म्हणे. तिचे दार दरवर्षी लागेनासे होई आणि सुतार येऊन त्यावर रंधा मारून जाई. यंदा तिची सून आठ महिन्यांची गरोदर होती.

"त्या दाराचं आता फळकूट झालंय," आक्का म्हणाली. "पुढच्या महिन्यात घरात बाळ येईल. ओढ्यापलीकडे घर मिळतंय, पण हा उतार धोक्याचा आहे असा तुझा दाखला लागतो."

"आक्का, नोंद शून्य आहे गं. लाकूड फुगत असेल."

"असेल. शेजारीण हल्ली भिंतीच्या फटीतूनच साखर मागते. तिला दारातून यायची गरजच उरली नाही."

मोजणीदारांची बहिणीवर माया होती आणि नोंदवहीवरही. शेवटी एका रविवारी, स्वतःच्या वेळात, त्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेच्या पायरीपासून आक्काच्या उंबऱ्यापर्यंत फीत धरली. जुन्या नकाशात अंतर शंभर मीटर होते. फितीत चौऱ्याण्णव भरले. मोजणीदार तिथेच पायरीवर बसले. कार्यालयाचा उंबरा आणि त्यांची खुंटी एकोणीस वर्षे जोडीने उतार उतरत होते.

सोमवारी त्यांनी हे साहेबांच्या कानावर घातले. साहेब मुळीच रागावले नाहीत. डोंगर हललेला नाही हे नऊशे अठ्ठ्याऐंशी नोंदींनी सिद्ध आहे. त्याअर्थी शाळाच सहा मीटर पुढे आली आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. डोंगराच्या दिशेने विनापरवाना चाल केल्याबद्दल शाळेला नोटीस गेली. (सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा ती काय करते याची कल्पना नाही, असा खुलासा हेडमास्तरांनी केला. तो ग्राह्य धरण्यात आला.)

"आणि आक्काचा दाखला, साहेब?"

"जरूर द्या. फक्त तुमच्या नऊशे अठ्ठ्याऐंशी नोंदी चुकीच्या होत्या, असं आधी लिहून द्या."

मोजणीदारांनी दुपारभर विचार केला आणि लिहून दिले. लिहिताना त्यांना रडू आले, कारण त्यांच्या आयुष्यात तेवढेच एक काम चोख झाले होते. दाखल्यावरची सही मात्र त्यांनी ठसठशीत केली. साहेबांनी त्यांची तातडीने सपाट प्रदेशात बदली केली.

बाळ यायच्या आठ दिवस आधी आक्काचे सामान ओढ्यापलीकडे गेले. सारी गल्ली दारात उभी राहून हसत होती. पुढे साहेबांनी रीतसर जनमत घेतले. एक्केचाळीस घरांनी एकमताने कळवले की डोंगर हललेला नाही, कारण शेजारचे घर काल होते तिथेच आज आहे.

आपल्यालाही या गल्लीचे हसू आले असेल. येऊ द्या. फक्त आपले सगळे ठीक चालले आहे हे आपण कोणाकडे पाहून ठरवता, आणि तो शेजारी कुठल्या उतारावर राहतो, एवढे एकदा पाहून घ्या.